दोन दाण्यांची सावली

मी आजवर हे कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्या उशाशी बसून होतो, त्यांनाही नाही. वाईला कृष्णेच्या घाटावर एक दगडी शंकू आहे, दोन हात उंचीचा, टोकाला निमुळता. त्याच्या उत्तरेला फरशीवर टाकीनं कोरलेली एक आडवी रेघ आहे. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, भर दुपारी, शंकूची सावली त्या रेघेला येऊन टेकते असं गावात मानतात. संक्रांतीला बायका तिच्यावर हळदकुंकू वाहतात. भर दुपारी सावली त्या रेघेपर्यंत पोचत नाही. कधीच पोचलेली नाही. ती रेघ मी खोटी मारली आहे.

एवढं लिहिलं की पुढचं सोपं जाईल, असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही.

मार्गशीर्ष सरत आला की साताऱ्यात भर बाराला उन्हात उभं राहावंसं वाटतं. किल्ल्यावरून वारा उतरतो आणि कानाच्या पाळ्या दुखतात. खालच्या शिवारातून गुऱ्हाळांचा गोड, जरा करपलेला वास वर येतो. लोकांना हे दिवस आवडतात. मला ह्या दिवसांत नुसत्या सावल्या दिसतात. विजेच्या खांबाची, भिंतीला टेकवलेल्या सायकलीची, समोरून येणाऱ्या माणसाच्या टोपीची. माझी नजर आपोआप सावलीच्या टोकाकडे जाते. ते टोक कधी नीट सापडत नाही. वाकून बघा कधी. काळी सावली संपते, मग एक राखी पट्टा लागतो, मग ऊन. सावली नेमकी कुठे संपली म्हणायची? माझी सगळी गोष्ट त्या राखी पट्ट्यात घडली.

ती लढाईची वर्षं होती. मी सांगलीच्या कॉलेजात गणित शिकत होतो. गणिताला आगाशेसर होते. पांढरंशुभ्र धोतर, बंद गळ्याचा कोट, आणि कोटावर खडूचा कणही नाही. फळ्यावर त्यांचा पहिला शब्द नेहमी एकच असायचा: समजा. समजा, ही रेषा अनंत आहे. समजा, ह्या गोलाला घर्षण नाही. त्या एका शब्दापाशी त्यांचा आवाज मऊ व्हायचा, देवघरात शिरताना होतो तसा. एक दिवस त्यांनी लिहिलं, समजा, सूर्य हा एक बिंदू आहे.

मागच्या बाकावरून सदू म्हणाला, "सर, पर त्यो बिंदू न्हाई. चांगला तव्याएवढा दिसतुया."

वर्ग हसला. सरही हसले. म्हणाले, "सदाशिवराव, तुमच्या तव्यावर भाकरी होईल. सिद्धांत व्हायचा नाही."

सदू कुंडलचा. घरची शेती, थोरला भाऊ पलटणीत, दुसऱ्याही मुलानं भरती व्हावं असा बापाचा धोशा. आम्ही एकाच खोलीत राहायचो. त्याच्या गाठोड्यातली चटणी मी खायचो आणि माझ्याकडचे मेतकूट-पोहे तो खायचा, वर म्हणायचा की तुम्हा वाईकरांचं जेवण म्हणजे उपासाची रंगीत तालीम. गणितात तो माझ्यापुढे होता. हे त्या वेळी कुणी म्हणालं नाही, मी तर नाहीच. पण मला ते ठाऊक होतं. तो आकडा मांडण्याआधी डोळे मिटून घ्यायचा आणि उत्तर साधारण कुठे येईल ते बोटानं हवेत दाखवायचा. मग मांडायचा. बहुतेक वेळा ते तिथेच यायचं.

गणित खरं कशामुळे असतं, ह्यावर सर अधूनमधून बोलत. त्यांचं मत असं की गणिताला जगाशी काही देणंघेणं नाही. बुद्धिबळातला घोडा अडीच घरं चालतो, त्यासाठी तबेल्यात जाऊन बघावं लागत नाही. नियम ठरले, की पुढचं सगळं आपोआप खरं. जगाला ते लागू पडलं तर ती जगाची कृपा. आमचे अण्णा पंचांग करायचे. त्यांचं म्हणणं ह्याच्या दुसऱ्या टोकाला होतं: गणित हे ऋषींनी पाहिलेलं सत्य, डोळा चुकेल, ढग येतील, आकडा चुकणार नाही. मी ह्या दोघांच्या मधे वाढलो. आज मला कळतं की दोघांचं एका बाबतीत एकमत होतं. खाली वाकून बघायची गरज दोघांनाही वाटत नव्हती.

सदूचं मत विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, आमच्यात खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. म्हणून रास काही कमी भरत नाही. आकड्याला काहीही म्हणा, मापात धान्य पाहिजे. सरांनी खडू ठेवून हात झटकले. मग तास संपल्याची घंटा झाली.

त्या हिवाळ्यात सरांकडे विचारणा आली. सरकारी वेधशाळेत एक मदतनीस हवा होता, चांगल्या हाताचा आणि चांगल्या डोक्याचा. वर्गात पाठवण्याजोगे आम्ही दोघंच होतो. सदूच्या बापानं सांगून ठेवलं होतं की शिमग्यापर्यंत नोकरीचं बघ, न्हाईतर भरतीच्या हापिसात नाव दे. सदूला पलटणीची भीती नव्हती. त्याला आकाश सोडायचं नव्हतं. एकदा अंथरुणावर पडल्या पडल्या तो म्हणाला, "दिगू, तितं दुर्बीण आसंल न्हवं? नुसतं बघू दिलं तरी मी झाडलोट करीन."

सरांनी काम दिलं ते असं. वाई उत्तरेला, कुंडल दक्षिणेला. एकाच दिवशी, सगळ्यात लहान दिवशी, दोन्हीकडे सारख्याच उंचीचा शंकू उभा करायचा आणि भर दुपारची सावली मोजायची. वाईची सावली थोडी लांब भरेल, कुंडलची थोडी आखूड, कारण पृथ्वी गोल आहे. त्या फरकावरून आणि दोन गावांतल्या अंतरावरून पृथ्वीचा घेर काढायचा. मी माझ्या गावी मोजायचं, सदूनं त्याच्या. "बघू तर खरं," सर म्हणाले, "दोन पोरांना पृथ्वी कवेत घेता येते का." नोकरीचं नाव कुणी काढलं नाही. काढायची गरज नव्हती.

मी त्यानंतर एकदा सदूबरोबर कुंडलला जाऊन आलो. त्यानं शंकू म्हणून खळ्यातला तिवडा घेतला होता, ज्याच्याभोवती मळणीचे बैल फिरतात तो खांब. तो दोन हातांवर कापून त्याला तासून टोक काढलं होतं. भोवतीची जमीन सारवून, पाणी ओतून, ते कुठेच वाहत नाही ना हे पाहून सपाट केली होती. मळणी खोळंबली होती. कणसं ढिगानं पडून होती आणि शेजारपाजारचे येऊन विचारून जात होते. त्याचे वडील धोंडीआबा बांधावर बसून हे सगळं बघत होते.

"तिवड्याला टोक कशाला काढलंस रं?" ते म्हणाले. "त्येच्याभवती बैल फिरायचेत का सूर्य?"

"आबा, चार दिस सूर्य फिरू द्या. मग बैल फिरवा."

"सूर्याला वैरण लागत न्हाई, ते बरं हाय." एवढं म्हणून आबा उठले, आणि कुणी चपला घालून खळ्यात शिरत नाही ना, ते बघायला दिवसभर तिथेच थांबले. मळणी त्यांनी लांबवली ती लांबवलीच.

सर माझ्याबरोबर वाईला आले. चार दिवस आमच्याकडे उतरले. पानावर बसलं की त्यांचं आणि अण्णांचं जुंपायचं, आणि आई मुकाट्यानं आमटी वाढत राहायची. घाटावरच्या सावलीचं गणित दोघांनी आपापल्या रीतीनं केलं. आधी दोघांचे आकडे जुळले नाहीत. मग अण्णांनी आपल्या आकड्याला बीजसंस्कार दिला. ही जुन्या लोकांनीच करून ठेवलेली सोय आहे: गणित आणि आकाश एकमेकांपासून सरकू लागले की गणितात उघडपणे घालायची दुरुस्ती. ती घातल्यावर अण्णांची लांबी सरांच्या लांबीला येऊन टेकली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आयुष्यभर एकमेकांच्या शास्त्राला नावं ठेवलेली ही माणसं त्या दिवशी एका रेघेवर आली. अण्णांनी सरांना स्वतःच्या हातानं विडा करून दिला.

त्या लांबीवर मी सकाळीच खडूची बारीक रेघ ओढून ठेवली. पाथरवटाला सांगून ठेवलं होतं. सावली टेकली की मी बोट ठेवायचं आणि त्यानं टाकी मारायची.

ती दुपार मला अजून कातडीवर जाणवते. घाटाची फरशी वरून तापलेली आणि आतून गार. अण्णा सोवळ्यात, मोतीबिंदूमुळे मान तिरकी करून उभे. सर छत्री मिटून उभे, छत्रीची सावली मधे यायला नको म्हणून. पाठशाळेतली पाच-दहा माणसं. गुडघ्यांवर बसून फरशीला तोंड लावलेला मी एकटाच. सावलीचं टोक पश्चिमेकडून आखूड होत होत फरशीवर उत्तर-दक्षिण आखलेल्या मधल्या रेषेकडे, म्हणजे भर दुपारकडे, सरकत होतं. श्वास घेतला तरी ते हलतंय असं वाटायचं. ते खडूच्या रेघेला टेकलं. आणि थांबलं नाही. मधली रेषा अजून पुढे होती. सावली रेघ ओलांडून आत, शंकूच्या बाजूला आली. आणखी आत आली. मधल्या रेषेवर पोचली तेव्हा ती खडूच्या रेघेपासून ज्वारीच्या दोन दाण्यांइतकी आखूड होती.

दोन दाणे. मला वाटलं शंकू कलला. ओळंबा मी सकाळी स्वतः लावून बघितला होता. वाटलं फरशी उतरती आहे. पाणी ओतून बघितलं होतं. वाटलं हा राखी पट्टा मला फसवतो आहे, सावली पुढेच असेल, मला दिसत नसेल. मागून सरांचा आवाज आला, "टेकली?"

नोकरी मला हवी होती. ते खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. माझ्यामागे माझ्या जगातली दोन सत्यं पहिल्यांदाच हातात हात घालून उभी होती, आणि मधे माझे डोळे. त्या दोघांपुढे माझ्या डोळ्यांची काय किंमत? जे दिसतं ते खोटं आणि जे असायला हवं ते खरं, हे मी त्या क्षणी मनापासून मानलं. मन मानायला तयारच होतं.

"टेकली," मी म्हणालो, आणि बोट खडूच्या रेघेवर ठेवलं. पाथरवटानं टाकी लावली. दगडाचा कण माझ्या गालाला लागला. अण्णांनी पळीभर पाणी रेघेवर सोडलं. दगडावर पाणी पडल्यावर मागे जाता येत नाही, असं आमच्यात मानतात. मी ते फार सोयीनं मानलं.

सांगलीला सरांच्या टेबलावर बांबूच्या दोन कामट्या शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. एक माझी, एक सदूची, ज्यानं त्यानं आपल्या सावलीच्या लांबीवर खाच पाडलेली. चळवळीचे, धरपकडीचे दिवस होते. वाटेत पोलिसानं सदूला अडवून ही काठी कसली म्हणून विचारलं होतं. सदूनं सांगितलं होतं, "सावली हाय." दोन तास बसवून ठेवला त्याला. ते तो हसत सांगत होता, तोवर सरांनी आकडेमोड संपवली आणि चष्मा काढून ठेवला.

पृथ्वी लहान आली होती. थोडीथोडकी नाही, चांगली चौथाई पृथ्वी कुठेतरी हरवली होती. सरांनी माझी कामटी गणिताशी लावून बघितली. केसाचा फरक नाही. सदूची लावून बघितली. दोन दाणे आखूड.

सदू म्हणाला, "सर, म्या तीनदा बघितलं. सावली तितंच हुती."

"असेल. पण तिथे ती असायला नको होती."

"मग सावलीला सांगा तसं." हे तो उर्मटपणानं म्हणाला नाही. त्याला खरंच कळत नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला. "दिगू, तुझी बराबर रेघंवर आली? दाणाभर बी हिकडं-तिकडं न्हाई?"

खोलीत चुना लावलेल्या भिंतीचा वास होता. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. मला आठवतं की मी घंटी थांबायची वाट पाहिली.

"बरोबर," मी म्हणालो.

सदूनं आपली कामटी उचलली, खाचेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मग माझ्याच नजरंत खोट आसंल." कामटी त्यानं परत टेबलावर ठेवली. वेधशाळेला माझं नाव गेलं. शिमग्याच्या आधीच सदू भरती झाला. जाताना चटणीची पुरचुंडी माझ्या ट्रंकेवर ठेवून गेला.

वेधशाळेतल्या पहिल्याच वर्षी एका म्हाताऱ्या साहेबानं मला सूर्याची उंची मोजायला शिकवलं. म्हणाला, सावलीवरून मोजणार असशील तर एक लक्षात ठेव, सावलीचं टोक सूर्याच्या मध्यावरून पडत नाही, वरच्या कडेवरून पडतं. म्हणून ती नेहमी थोडी आखूड भरते. खलाशाच्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी कागदावर आकडा मांडला. दोन हातांच्या शंकूला, सगळ्यात लहान दिवशी, किती आखूड? ज्वारीचे दोन दाणे.

सूर्य बिंदू नाही. तव्याएवढा आहे. मागच्या बाकावरून सांगून झालं होतं.

त्या दिवशी मी जेवलो नाही. माझ्या घाटावर सावली जेवढी आखूड पडली, तेवढीच सदूच्या खळ्यावर पडली होती. माझी तेवढी लांबवली, म्हणून दोन सावल्यांतला फरक फुगला आणि पृथ्वी आक्रसली. दोघांनी दिसलं ते सांगितलं असतं तर दोन्ही चुका एकमेकींत जिरल्या असत्या, फरक बरोबर आला असता आणि पृथ्वी पुरी भरली असती. वर सरांना दोन कामट्या गणितापेक्षा सारख्याच आखूड दिसल्या असत्या. त्यांना थांबावं लागलं असतं. ते प्रामाणिक होते, ते थांबले असते. फळ्यावरचं 'समजा' त्यांनी स्वतः पुसलं असतं आणि वर्गापुढे सदूला जवळ बोलावलं असतं. ही एक दुपार मी सगळ्यांच्या वाट्यातून काढून घेतली. माझा आकडा सगळ्यात बरोबर होता, आणि त्यानंच सगळं बिघडवलं.

गणिताचं शास्त्र आणि निसर्गाचं शास्त्र ह्यांचं नातं काय, ह्यावर मी पुढे पुष्कळ वाचलं. मोठमोठ्या लोकांनी लिहिलं आहे. गणित आधीच खरं असतं की माणूस ते रचतो, जग त्याचं ऐकतं की ते जगाचं. मला ते वाचताना दर वेळी घाटावरची फरशी दिसते. गणितानं त्या दिवशी काही खोटं सांगितलं नव्हतं. त्यानं 'समजा' म्हणून आधीच हात वर केले होते. सावलीनंही खोटं सांगितलं नव्हतं. ती जिथे पडायची तिथे पडली. दोघांच्या मधे गुडघ्यांवर बसलेला एक माणूस होता. पुस्तकांत त्या माणसाला फारशी जागा दिलेली मला दिसली नाही. अण्णांच्या बीजसंस्कारालाही मी पूर्वी हसायचो. आता वाटतं, ते लोक आपली चूक निदान सगळ्यांदेखत आकड्यात घालत होते. मी माझी दगडात घातली.

गेल्या मार्गशीर्षात कराडच्या एस.टी. स्टँडवर सदू भेटला. लढाईवरून तो धडधाकट परतला, हे मला ऐकून ठाऊक होतं. त्यानंतर त्याला भेटायचं मी टाळत आलो होतो. त्यानंच मला हाक मारली. मिशा पिकलेल्या, खांद्यावर घोंगडी, बरोबर शेंगांचं पोतं. चहा पाजल्याशिवाय सोडेना. आकाशाचं काही बघतोस का, असं मी विचारलं. माझ्या तोंडून ते कसं गेलं कोण जाणे.

"आता कसलं आकाश गड्या," तो म्हणाला. "माझी नजरच खोटी. बांध मोजायचा तरी मी शेजाऱ्याला बलिवतो. पलटणीत तोफखान्यात घेत हुते, मोजणीच्या कामाला. म्याच नगं म्हनलं. आपल्या नजरंपायी कुनाचा जीव जायाचा."

मी बशीतला चहा तसाच धरून होतो. तो पुढे बोलत राहिला. धाकटी पोरगी अकरावीला आहे, गणितात लय हुशार, मास्तर म्हणतात कॉलेजात घाला. पण त्याच्या मनात नाही. "आमच्या घराण्यात नजर न्हाई, उगं पोरीची फजिती. तुमी शिकलेली मानसं. तुला काय वाटतं?"

त्याच वेळी साताऱ्याची गाडी लागली. मी म्हणालो, विचार करून सांगतो. आणि गाडीत चढलो. खिडकीतून बघितलं तर तो उन्हात उभा राहून हात हलवत होता, आणि त्याची सावली स्टँडच्या मातीवर पडली होती. टोकाशी राखी.

ह्या वर्षीचा लहान दिवस चार दिवसांवर आला आहे. गेली काही वर्षं मी त्या दिवशी वाईला जातो आणि गर्दीच्या मागे उभा राहतो. सावली रेघेच्या अलीकडे थांबते, लोक 'टेकली' म्हणतात आणि पाया पडतात. कुणी वाकून बघत नाही. ह्या खेपेला मी वाईला जाणार नाही. मला कुंडलची गाडी धरायची आहे. असं मी मागेही ठरवलं होतं, हेही इथे लिहून ठेवतो.

सदाशिवची नजर खोटी नव्हती. त्याचं माप बरोबर होतं. हे मी त्याच्या तोंडावर, त्याच्या मुलीच्या देखत सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.